ती वेळ आणि तो वेळ

साताऱ्याच्या एका मुलीने विचारलंय. प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला वेळ जसा जाणवतो तसा दाखवणारं घड्याळ करायचंय. मनगटाला नाडी मोजणारा सेन्सर, मध्ये आर्डुइनो हा छोटा संगणक-बोर्ड, भिंतीवर काटा. माणूस कंटाळला की काटा रेंगाळेल, रमला की पळेल. मशीन कुठलं घ्यावं, आणि मुळात ही कल्पना चालेल का, असा तिचा प्रश्न आहे.

मी सांगलीचा. वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यातच वाढलो. मोबाइल आले, दुरुस्ती आटली, तशी मी वेगळी घड्याळं बनवायला लागलो. वीसेक वर्षं तेच चाललंय. त्यातली निम्मी फसली, त्यामुळे सांगण्यासारखं बरंच आहे. तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, अगंतुगं करतोय, राग मानू नकोस.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सेन्सर काढून टाक.

नाडी रमल्यावर वाढते, घाबरल्यावर वाढते आणि अजिंक्यताऱ्याचा चढ चढल्यावरही वाढते. काट्याला यातलं काय कळणार? शरीराचा आणि वेळेच्या जाणिवेचा संबंध आहे, नाही असं नाही. हडसन होगलंड नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ होते. त्यांची बायको तापाने फणफणली होती. ते जरा बाहेर जाऊन आले तर ती म्हणाली, किती वेळ लावलात! गृहस्थांनी काय करावं, तिला मनातल्या मनात साठ सेकंद मोजायला लावलं, तेही पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तापात. ताप जितका चढलेला तितकं तिचं मिनिट लवकर संपायचं. १९३३ साली त्यांनी हे छापलं. बाईंनी नवऱ्याला काय ऐकवलं ते मात्र छापलेलं नाही. पण ही गंमत कळली कशी? नवरा शेजारी घड्याळ लावून बसला होता म्हणून. बाईंना स्वतःला आपलं मिनिट चुकतंय असं वाटतच नव्हतं.

दुसरं उदाहरण मिशेल सिफ्र यांचं. १९६२ साली हा फ्रेंच तरुण आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होती. आतून तो फोनवर सेकंदाला एक आकडा या बेताने १२० पर्यंत मोजायचा, त्याला पाच मिनिटं लागायची. त्यालाही आपण रेंगाळतोय असं कधी वाटलं नाही. म्हणजे जाणवणारा वेळ आतून पाहिला तर कधीच चुकत नाही. तो किती ताणला, किती आखडला, हे दिसायला शेजारी न हलणारं एक माप लागतं. तुझ्या घड्याळातून तू नेमकं तेच माप काढून टाकतेयस. कंटाळलेल्या माणसाला काटाही कंटाळलेलाच दिसला, तर त्याला नवीन काय कळलं?

हे आपल्या भाषेत आधीपासून नीट वाटून ठेवलेलं आहे. 'जायची वेळ झाली' म्हणताना वेळ स्त्रीलिंगी. 'फार वेळ झाला' म्हणताना तोच शब्द पुल्लिंगी. ती वेळ म्हणजे काळाच्या दोरीवरची गाठ, तो वेळ म्हणजे दोन गाठींमधली दोरी. बाजारातलं घड्याळ फक्त 'ती' दाखवतं. तुला 'तो' दाखवायचाय. माझा अनुभव असा की 'ती'ला घराबाहेर काढून 'तो' दाखवता येत नाही. दोघांना एकाच डायलवर नांदवावं लागतं, आणि सगळी कारागिरी तिथेच लागते.

मला हे सुरुवातीला कळलं नव्हतं. माझं पहिलं घड्याळ तुझ्यासारखंच होतं. भिंतीवरच्या साध्या क्वार्ट्झ मशीनची कॉइल, म्हणजे काटा ढकलणारं तारेचं वेटोळं, मोकळी केली, दोन वायरी बाहेर काढल्या आणि टिकटिक स्वतःच्या ताब्यात घेतली. करायला सोपं आहे. मशीन दीड व्होल्टचं असतं, त्यामुळे पाच व्होल्ट थेट द्यायचे नाहीत, मध्ये रेझिस्टर घालायचा. पन्नासेक मिलिसेकंदांचा एक झटका एका दिशेने, पुढचा उलट दिशेने, की काटा एकेक सेकंद सरकतो. मी कोड असा लिहिला की मिनिटात ठोके साठच पडतील, पण अंतरं कमीजास्त. दोन ठोके लागोपाठ, मग लांब श्वास, मग तीन. मिनिटाच्या शेवटी सगळं बरोबर. मला वाटलं, काय भारी चीज केली! दुकानात लावलं. आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक एकच म्हणायचं, "तुमचं घड्याळ अडकतंय बघा." वडिलांनी तर न विचारता सेल बदलला.

त्यातून शिकलो ते हे, की वेग बदलला की लोकांना वेळ दिसत नाही, बिघाड दिसतो. बिघाड वाटू नये असं वाटत असेल तर अडखळण्याचं कारण डोळ्यांना दिसायला हवं. केंब्रिजला कॉर्पस क्रिस्टी कॉलेजच्या भिंतीत २००८ साली बसवलेलं घड्याळ इंटरनेटवर पाहा. काटे नाहीत, सोन्याचा मुलामा दिलेली भली मोठी तबकडी, आणि तिच्या डोक्यावर एक भेसूर टोळ बसलेला, जो सेकंद खातो. लोलक मध्येच अडखळतो, उजेडाचे ठिपके मागे राहतात, मग धावत येऊन वेळ गाठतात. अगदी बरोबर वेळ ते दर पाच मिनिटांनी एकदाच दाखवतं. माझ्या घड्याळात आणि त्यात युक्ती एकच. पण तिथे टोळ आहे, माझ्याकडे नुसती कॉइल होती. आणि ते पाच मिनिटांनी का होईना, खऱ्या वेळेला हात लावून येतं. हे बनवणारे जॉन टेलर यांनी पैसा कमावला तो किटलीतलं पाणी उकळलं की बटण आपोआप बंद करणाऱ्या पट्टीवर. माणसाला थांबण्याचं महत्त्व ठाऊक होतं, असं म्हणू या.

मग वेग नको, तर बदलायचं काय? माप बदलायचं. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, कृष्णेने शिकवलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी शिरलं ते दिवस आठव. तू लहान असशील, पण बातम्यांत पाहिलं असशील. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत "किती वाजले?" असं कुणी विचारत नव्हतं. रात्री दोनला, पहाटे पाचला, एकच प्रश्न होता, "आयर्विनला किती?" आयर्विन पुलाजवळ चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या वेळी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. तासाला किती इंच चढलं यावर लोक ठरवत होते की आता फ्रिज माळ्यावर चढवायचा का, म्हातारीला हलवायचं का. वेळ फुटांत मोजला जात होता. कुणी काटा हळू केला नव्हता, मापच बदललं होतं, आणि एकेका तासाचं वजन बदलून गेलं होतं.

पुढच्या वर्षी मी तसं घड्याळ केलंसुद्धा. उभी सागवानी पट्टी, फुटांच्या खुणा, पितळी दर्शक सावकाश वर चढणारा. एका ओळखीच्या माणसाला दाखवलं, त्याच्या तळमजल्यात छताला पाणी लागलेलं. तो बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "चांगलं केलंयस. पण हे घरात लावू नको कुणाच्या." पट्टी माझ्याकडे अजून आहे, दर्शक काढून ठेवलाय. जाणवलेला प्रत्येक वेळ भिंतीवर टांगायचा नसतो, एवढं त्यातून घे.

आणखी एक उदाहरण आमच्या सांगली जिल्ह्यातलं. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला बसतात. साडेआठला सुटका. घड्याळ म्हणून बघितलं तर हे दोनच खुणांचं घड्याळ आहे, अख्ख्या गावाला मिळून एक. बाकीच्या साडेबावीस तासांत त्याला काही म्हणायचंच नाही. असं गप्प राहणारं घड्याळ मला जमलेलं नाही, पण हेवा वाटतो.

गप्प राहण्यावरून आठवलं. एका दवाखान्याच्या वेटिंग रूमसाठी मला बोलावलं होतं. डॉक्टरांची इच्छा अशी की पेशंटला थांबणं कमी जाणवावं, म्हणून काटा जरा हळू चालेल का? मी नाही म्हटलं. लोकांच्या खिशात मोबाइल असतो, पहिल्याच दिवशी चोरी उघडी पडली असती. त्याऐवजी सेकंदकाटा काढला आणि मिनिटकाटा पाच-पाच मिनिटांनी सरकेल असा केला. सेकंदकाटा समोर फिरत असला की बसलेल्या माणसाला तोच बघायचं काम लागतं, आणि वेळेकडे लक्ष गेलं की वेळ लांबतो. पाच मिनिटांनी एकदा हलणारा काटा आपलं कौतुक करून घेत नाही. पेशंटचं काय झालं ते माहीत नाही, पण कंपाउंडरने तक्रार केली की घड्याळ बंद पडलंय असं सांगायला लोक काउंटरवर येतात. मग डायलवर बारीक अक्षरांत 'पाच पाच मिनिटांनी चालतं' असं लिहावं लागलं. ते वाचून मात्र लोक हसायचे. कधीकधी खुलासा हाच सगळ्यात चांगला सुटा भाग असतो.

आता ज्या कामावर मी खूश आहे ते सांगतो. मिरजेत गाणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत. तंबोऱ्यांचं गाव, तिथे रागाची वेळ लोक अजून पाळतात. त्यांचं म्हणणं असं, की मला वाजले किती याच्याशी देणंघेणं नाही, हा प्रहर किती उरलाय ते सांग. उन्हाळ्यातले पाच आणि थंडीतले पाच एक नसतात. बरोबर बोलल्या. आपल्याकडे जूनमधला सगळ्यात मोठा दिवस तेरा तास आणि सात-आठ मिनिटांचा, डिसेंबरमधला लहान दिवस अकरा तास सात मिनिटांच्या आसपास. सूर्योदय ते सूर्यास्ताचे चार प्रहर केले तर एक प्रहर जूनमध्ये सव्वातीन तासांचा पडतो, डिसेंबरमध्ये पावणेतीन तासांचा. अर्ध्या तासाचा फरक म्हणजे एक आख्खा ख्याल.

जपानमध्ये १८७३ पर्यंत असेच ऋतूप्रमाणे लांब-आखूड होणारे तास चालायचे, आणि तिथल्या कारागिरांनी तशी यांत्रिक घड्याळं बनवली होती. त्यांच्याकडे दोन वाटा होत्या. एक, यंत्राचा वेगच बदलायचा. दुसरी, यंत्र एकसारखं चालू द्यायचं आणि डायलवरच्या खुणा सरकवायच्या. मी दुसरी घेतली. चोवीस तासांत एक फेरा करणारं मशीन, एकच काटा, आणि कडेला आठ पितळी पट्ट्या, चार दिवसाच्या, चार रात्रीच्या, खाचेत सरकणाऱ्या. दर पंधरवड्याला बाई पंचांगातला सूर्योदय-सूर्यास्त बघून पट्ट्या स्वतः सरकवतात. आधी मी ते मोटरने करणार होतो. त्या म्हणाल्या, "तंबोरा पण तूच येऊन लावणार का रोज?" मोटर गेली.

या कामात एक खड्डा आहे, तो आधीच दाखवतो. दुपारचे बारा म्हणजे मध्यान्ह असं धरून डायल काढलास तर सगळं चुकेल. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, सांगली त्याच्या आठ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३२ मिनिटांनी. साताऱ्यात आणखी दोन मिनिटांनी. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, त्यामुळे हाही आकडा वर्षभर झुलतो. फेब्रुवारीच्या मध्याला सांगलीत मध्यान्ह १२:४६ ला होतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१५ ला. काही बनवायच्या आधी गच्चीवर एक सरळ काठी ओळंब्याने उभी कर आणि महिनाभर तिची सगळ्यात आखूड सावली कधी पडते ते लिहून ठेव. मोबाइलमधली वेळ आणि डोक्यावरचा सूर्य यांच्यातला अर्धा तास एकदा स्वतः पाहिलास की 'खरी वेळ' हा शब्द तू जपून वापरशील.

घटिकापात्रही करून बघच. लग्नात घंगाळात तरंगणारी वाटी आजीने पाहिलेली असेल, विचार तिला. बुडाला बारीक भोक, २४ मिनिटांत भरून बुडते, दिवसाला साठ घटका. 'घटकाभर बस' असं आपण अजून म्हणतो, 'चोवीस मिनिटं बस' असं कुणी म्हणेल का? पातळ तांब्याची वाटी घे. भोक मुद्दाम लहान पाड, बुडायला किती वेळ लागतो ते मोज, मग जरा-जरा वाढव. वेळ भोकाच्या व्यासाच्या वर्गाच्या उलट प्रमाणात चालतो. तीस मिनिटं लागत असतील तर व्यास साधारण बारा टक्के वाढवायचा, की चोवीसवर येशील. ड्रिलने वाढवू नकोस, आम्ही घड्याळजी वापरतो त्या निमुळत्या ब्रोचने हाताने फिरवून वाढव. वाटीला तेलकट बोट लावलंस की पाणी भोकातून यायला कां-कू करतं. आणि बोअरचं पाणी अजिबात नको. माझी पहिली वाटी चार महिन्यांत एकतीस मिनिटांवर गेली. मी डोकं खाजवत होतो, शेवटी भिंगाखाली धरली तर भोकाच्या कडेला क्षाराचं कडं चढलेलं.

या वाटीची खरी ताकद हिशेबात नाही. ती बुडते तेव्हा 'डुबुक' असा आवाज होतो, आणि मग कुणीतरी उठून ती काढून पुन्हा ठेवावी लागते. कुणी उठलं नाही तर वेळ पाण्याच्या तळाशी पडून राहतो. माणसाला हातभार लावायला लावणारी घड्याळं लोकांना आपली वाटतात, हे मी मिरजेत पाहिलं आणि इथेही.

आता तुझ्यासाठी. तू साताऱ्याची, कास पठार घराजवळ. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा भरभरून फुलते. तुझ्या वयाच्या मुलीने ती जाणतेपणी दोनदा पाहिली असेल. वय कारवीत मोजायचं म्हटलं तर आयुष्य दहा-अकरा बहरांचं. जाणवणारा वेळ शोधतेस ना, मग सात वर्षांत एक फेरा करणारा काटा बनव.

मशीन भिंतीवरच्या घड्याळाचंच, साधं. तासकाट्याची नळी दिवसात दोन फेरे करते. तिच्यावर वर्म, म्हणजे मळसूत्री आट्यांचा दांडा, बसव, त्याला ७२ दातांचं चाक. त्या चाकाच्या आसावर दुसरा वर्म, त्याला ७१ दातांचं चाक. ७२ गुणिले ७१ म्हणजे ५११२ फेरे, अर्धे केले की २५५६ दिवस. कुठल्याही सलग सात वर्षांत लीप वर्ष एक किंवा दोन येतात, म्हणजे दिवस २५५६ किंवा २५५७. सात वर्षांत चूक झालीच तर एका दिवसाची. हा हिशेब जमला त्या रात्री मला झोप आली नव्हती, खोटं कशाला सांगू.

काटा तीस सेंटिमीटरचा ठेवलास तर टोक दिवसाला जेमतेम पाऊण मिलिमीटर सरकेल. दातांमध्ये थोडी ढिलाई राहतेच, म्हणून काट्याला मागच्या बाजूला वजन देऊन तोल साध, नाहीतर तो उतारावर एकदम आठवडाभर पुढे घसरेल. स्टेपर मोटरच्या, म्हणजे पावलापावलाने फिरणाऱ्या मोटरच्या, नादी लागू नकोस. बाजारात मिळणारी ती स्वस्त २८बीवायजे-४८ एका फेऱ्याला २०४८ पावलं घेते असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण तिच्या दातांचा हिशेब पूर्णांकात बसत नाही, खरा आकडा २०३८ च्या आसपास आहे. रोज थोडं थोडं चुकत जातं आणि कारण सापडत नाही. वापरायचीच झाली तर प्रत्येक फेऱ्याला शून्य दाखवणारा सेन्सर लाव. वेळ राखायला डीएस ३२३१ ही घड्याळाची चिप घे, ती वर्षाला मिनिटभर चुकते, तेवढं चालतं.

त्याच मशीनवर पुढच्या बाजूला साधे तास-मिनिटांचे काटे राहू देत. सेल संपला तर कारवीचा काटा थांबलाय हे महिनाभर कुणाच्या लक्षात येणार नाही, पण मिनिटकाटा थांबला की चहाच्या वेळेपर्यंत घरात बोंब होईल. 'ती वेळ' 'तो वेळ'ची राखण करते ती अशी.

आणि मोठा काटा आसावर चिकटवू नकोस, घर्षणावर ठेव, बोटाने फिरवता येईल असा. कारवी आपलं गणित बघून फुलत नाही. ज्या ऑगस्टात पठार निळं-जांभळं झालं, त्या दिवशी घरी ये आणि काटा हाताने शून्यावर आण.